'ंत'ने संपणारं मुलाचं नाव सुचवा (पणजोबा बळवंत, आजोबा वसंत, बाबा जयंत)

गोकर्णी
नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात आमच्याकडे बाळ आलं, मुलगा. दोघंही सुखरूप आहोत. बारसं बाराव्या दिवशीच करायचं ठरलंय, त्यामुळे हातात वेळ थोडा आहे आणि डोक्यात नावांचा नुसता गोंधळ.

आमच्या सासरी मुलग्यांच्या नावांची एक साखळी झाली आहे. कुणी ठरवून केली नाही, पण झाली खरी. पणजोबा बळवंत, आजोबा वसंत, आणि बाळाचे बाबा जयंत. घरातल्या जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर सासऱ्यांची शाईने केलेली सही आहे, 'वसंत बळवंत' आणि खाली आडनाव. ह्यांच्या शाळेच्या वह्यांवर 'जयंत वसंत'. ते वाचताना इतकं छान वाटतं, की आता 'अमुक जयंत' असं पुढचं पान लिहिलं जावं, अशी माझीच फार इच्छा आहे.

अडचण अशी की सासूबाईंना नावात 'अंत' नको आहे. वेदांत म्हटलं, निशांत म्हटलं, दिगंत म्हटलं, प्रत्येक वेळी त्या म्हणाल्या, "अगं, लेकराच्या नावात शेवट कशाला?" ह्यांच्या मनात अनंत आहे, त्यालाही तेच उत्तर. मला त्यांचं मन मोडायचं नाही. बाळाला न्हाऊमाखू त्याच घालतात, दिवसभर हाक त्याच मारणार आहेत. ती हाक त्यांच्या तोंडून आनंदाने यायला हवी.

पौषातला जन्म, स्वाती नक्षत्र, दुसरा चरण. गुरुजींनी 'रे' अक्षर दिलंय. पण ते पत्रिकेपुरतं राहिलं तरी चालेल. सुचवा ना.

कोकणकडा
अभिनंदन! पौष म्हणजे हेमंत ऋतू. आजोबा वसंत, नातू हेमंत. याहून चांगलं काय?

बाकी मनात येतील तशी देतो: श्रीकांत, उमाकांत, प्रशांत, सुशांत, यशवंत, जयवंत, गुणवंत, हनुमंत, विक्रांत, सुमंत, दुष्यंत.

गोकर्णी
हेमंत आमच्या चुलतदिरांचं नाव आहे. घरात दोन हेमंत नकोत. यशवंतही बाद, ते सासूबाईंच्या थोरल्या दिरांचं नाव. त्यांनी जन्मभर त्यांना भाऊजी म्हटलंय, त्या नावाने नातवाला हाक मारायला त्या धजणार नाहीत.

जुईची_आई
वेदांत सासूबाईंनी नको म्हटलं ते एका अर्थी बरंच झालं. माझ्या धाकट्याच्या वर्गात दोन वेदांत आहेत आणि तिसरा व्हॅनमध्ये. बाई त्यांना आडनावानेच हाक मारतात. इतकं हौसेनं ठेवलेलं नाव आणि वापरात आडनाव, असं व्हायला नको.

दुसरं, हाक मारून बघा. गॅलरीत उभं राहून खाली खेळणाऱ्या पोराला बोलवायचंय असं समजा. 'त'वर आवाज थांबतो, लांबवता येत नाही. म्हणून तर आपण 'वसंताऽऽ', 'जयंताऽऽ' करतो. जे नाव असा आकार सहज घेतं ते या शेवटात चांगलं. अनंताऽऽ सुंदर लागतं. सिद्धांताऽऽ म्हणून बघा, जमत नाही.

टोपणनावाचाही विचार आत्ताच करा. हेमंतचा हेम्या होतो, चंद्रकांतचा चंदू, लक्ष्मीकांतचा लक्ष्या, दिगंतचा दिग्या होणार. ते मित्रच ठरवतात, आपल्या हातात नसतं.

शाळामास्तर
गोकर्णीताई, बाळाला आशीर्वाद. मी संस्कृत आणि मराठी शिकवत आलो, त्यामुळे या विषयावर जरा सविस्तर लिहितो. तुमच्या सासूबाईंची शंका मला अजिबात खुळचट वाटत नाही. नावाचा अर्थ ऐकून त्या बोलतायत, आणि काही नावांच्या बाबतीत त्यांचं बरोबरही आहे. पण कानाला एकच वाटणारा हा 'ंत' प्रत्येक नावात एकच नसतो. तो निरनिराळ्या वाटांनी आला आहे आणि त्यातली एकच वाट 'शेवट' या अर्थाची आहे.

पहिली वाट वंत-मंतची. संस्कृतातला वत्/मत् हा प्रत्यय, 'ते ज्याच्याजवळ आहे तो'. बळ ज्याच्याजवळ तो बळवंत. यश, गुण, कीर्ती, भाग्य, तेज, यांना वंत लावत जा. हनु म्हणजे हनुवटी. इंद्राच्या वज्राचा घाव जिच्यावर बसला ती हनुवटी ज्याची, तो हनुमंत. धीमंत म्हणजे बुद्धी असलेला. श्रीमंतही यातलाच. पंजाबी-राजस्थानी मंडळींचा जसवंत म्हणजे आपला यशवंतच. या गटात 'अंत' हा शब्दच नाही. तुमचे आजेसासरे, म्हणजे बाळाचे पणजोबा, या गटातले.

दुसरी वाट कांत, शांत, विक्रांत यांची. ही धातूंपासून झालेली विशेषणं आहेत. कम् म्हणजे आवड असणे, त्यावरून कांत, म्हणजे प्रिय, आणि मग पती. शम् वरून शांत, प्रशांत, सुशांत, उपशांत. क्रम् म्हणजे पाऊल टाकणे, त्यावरून विक्रांत, पराक्रमाने पाऊल टाकणारा. आपली संक्रांतही याच क्रम् ची, सूर्य एका राशीतून पुढच्या राशीत पाऊल टाकतो ती. इथेही शेवटाचा संबंध नाही. मात्र याच साच्यातले श्रांत, भ्रांत, क्लांत हे थकलेले आणि गोंधळलेले शब्द आहेत, ते चुकूनही घेऊ नका.

कांत असलेल्या नावांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण त्यात लोक हमखास फसतात. श्रीकांत, रमाकांत, लक्ष्मीकांत म्हणजे विष्णू. उमाकांत म्हणजे शंकर. रजनीकांत म्हणजे चंद्र. पण चंद्रकांत म्हणजे 'चंद्राचा पती' नव्हे! तो मणी आहे. चांदणं पडलं की त्याला पाझर फुटतो, असा कविसंकेत आहे. सूर्यकांत हाही मणी, उन्हात त्यातून अग्नी निघतो. चंद्रकांत आणि सूर्यकांत मांढरे ही मराठी पडद्यावरची भावांची जोडी आठवा, दोन रत्नांचीच जोडी म्हणायची.

तिसरी वाट तुमच्या घरातल्या दोन नावांची. वसंत आणि जयंत. यातला 'अंत' हा परंपरेने धातूला लागलेला प्रत्यय मानतात. वस् पासून वसंत, जि (जिंकणे) पासून जयंत, जिंकणारा. 'वसाचा अंत', 'जयाचा अंत' अशी फोड कुणीच करत नाही. जयंत हा इंद्राचा पुत्र, आणि विष्णुसहस्रनामातही जयंत आहे. सासूबाईंना एवढंच सांगा, की त्या ज्या नावासोबत नांदल्या आणि जे नाव त्यांनी लेकाला दिलं, त्या दोन्हींत शेवट नाही.

चौथी वाट खऱ्या अंताची. वेदांत म्हणजे वेदांचा शेवटचा भाग, उपनिषदं. निशांत म्हणजे रात्र सरून येणारी पहाट. दिगंत म्हणजे दिशा जिथे संपतात ते क्षितिज. कीर्ती दिगंत पसरली म्हणतो ते. ही सगळी सुरेख नावं आहेत. पण सासूबाईंना नको असतील तर इथे त्यांचा शब्द मोडू नये, कारण त्यांनी अर्थ बरोबरच ओळखला आहे.

एक इशारा. नेटवरच्या याद्यांत 'कृतांत' आणि 'कल्पांत' ही नावं 'वेगळी, आधुनिक' म्हणून दिसतात. कृतांत म्हणजे यम आणि कल्पांत म्हणजे प्रलय. हौसेने ठेवण्याआधी शब्दकोश जरूर उघडा.

गोकर्णी
सर, किती मनापासून लिहिलंत! सासूबाईंना वाचून दाखवलं. 'जिंकणारा' ऐकून खूश झाल्या. "हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं," म्हणाल्या. पण अनंतचं काय? ते चौथ्या वाटेतलं ना?

शाळामास्तर
हो, पण उलट्या बाजूने. अन् + अंत, ज्याला अंत नाही तो. शब्द आहे, पण नाकारण्यासाठी आहे. आजीबाईंना जी भीती वाटते तिचं उत्तरच ते नाव देतं. गीतेच्या दहाव्या अध्यायात 'अनन्तश्चास्मि नागानाम्' आहे, नागांमध्ये मी अनंत, म्हणजे शेष. तरीही कानाला 'अंत' खटकत असेल तर आग्रह धरू नका.

फोंडेकर
आमच्या गोव्यात अनंत घरोघरी. फोंडा तालुक्यात सावईवेरे गावी अनंताचं देऊळ आहे, शेषशायी विष्णूचं. त्यामुळे 'अंत'ची भीती इथे कुणाच्या मनातही येत नाही. अनंत हे पांढऱ्या, मंद वासाच्या फुलाचंही नाव आहे. पावसाळ्यात परडीत दोन फुलं असली तरी देवघर भरून जातं. आणि अनंत चतुर्दशीला चौदा गाठींचा दोरा हाताला बांधतो तोही अनंतच.

फक्त एक, कोकणपट्टीत अनंताचा अंतू होतो. पुढे वय वाढलं की अंतूशेट नाहीतर अंतूकाका. मला ते गोड वाटतं, पण नाशिक-पुण्याकडे कसं वाटेल सांगता येत नाही.

पैलतीर
मी डब्लिनमध्ये राहते. बाहेर राहणाऱ्यांच्या बाजूने एक मुद्दा. इंग्रजीत लिहिताना शेवटी 'ए-एन-टी' येतं आणि इथली मुलं ते 'अँट' वाचतात, म्हणजे मुंगी. अनंत, वेदांत, हेमंत सगळ्यांची तीच गत. माझ्या भाच्याला पहिल्या वर्षी त्याचा त्रास झाला, रडत घरी यायचा. मग वहिनीने शाळेत जाऊन सगळ्या वर्गाला त्याचं नाव म्हणायला शिकवलं, 'अंट' नाही आणि 'अँट' नाही, मधला दंत्य न आणि मऊ त. मुलं दोन दिवसांत शिकली. शिक्षिकेला जरा वेळ लागला.

म्हणजे यासाठी नाव सोडा असं मी म्हणत नाही. लहानपणी कुणीतरी त्या नावाच्या बाजूने उभं राहिलं, की मूल ते ताठ मानेने सांगतं. वंत असलेल्या नावांना हा त्रास थोडा कमी होतो, असा अनुभव आहे.

नागनदी
यशवंत बाद झालं त्याची हळहळ वाटली, म्हणून लिहितोय. हे नाव महाराष्ट्रात कुण्या एका समाजाचं राहिलेलं नाही. इंग्रजांशी झुंजणारे यशवंतराव होळकर, १ मे १९६० ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण, आणि आमच्या घरांत ज्यांचं नाव आदराने घेतात ते बाबासाहेबांचे चिरंजीव यशवंत, भय्यासाहेब आंबेडकर. बुद्धाच्या अगदी सुरुवातीच्या शिष्यांत वाराणसीच्या एका श्रेष्ठीचा मुलगा होता, त्याचं नाव यश. त्यामुळे आमच्या पोराचं नाव ठेवताना यशवंत म्हटल्यावर माझे वडील, सासरे, विहारातले भंतेजी, सगळेच एका सुरात हो म्हणाले. असं क्वचितच होतं. नाव असं असावं, की ते उच्चारल्यावर खोलीतलं प्रत्येक माणूस आपापलं काही आठवून हसेल.

कोकणकडा
खरंय. आणि या नावांना 'राव' कसा सहज बसतो बघा. वसंतराव, यशवंतराव, बळवंतराव, जयंतराव. लोकमान्यांना त्यांच्या काळी बळवंतराव म्हणत. अण्णासाहेब किर्लोस्करांचं नावही बळवंत पांडुरंग. मास्टर दीनानाथांच्या नाटक कंपनीचं नाव 'बळवंत संगीत मंडळी'. बाळाच्या पणजोबांचं नाव परत ठेवायला काय हरकत आहे? बळवंत जयंत!

गोकर्णी
मला आवडलं असतं. पण ह्यांना बाळावर आधीच्या माणसाच्या नावाचं ओझं नको आहे. साखळीचा सूर चालेल, पण कडी नवी हवी, असं त्यांचं म्हणणं.

रानवारा
मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका. बळवंत, वसंत, जयंत, ही साखळी सुंदर आहे, पण ती फक्त पुरुषांची आहे. पणजीचं नाव काय होतं? धाग्यात कुठेच आलं नाही. 'वसंत बळवंत' या सहीत आजोबांची आई नाही. 'जयंत वसंत' यात सासूबाई नाहीत.

आता तसं लिहिलं जाणार नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावं सरकारी कागदपत्रांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव अशी लिहायची आहेत. म्हणजे तुमच्या बाळाच्या आणि जयंतरावांच्या नावांमध्ये तुम्ही येणार. तेव्हा नाव पारखताना 'अमुक जयंत' असं म्हणून चालणार नाही, तुमचं नाव मध्ये घालून म्हणून बघा. मला तरी ही फार मोठी गोष्ट वाटते.

गोकर्णी
रानवारा, राग कसला? हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पणजींचं नाव द्वारका. सासूबाईंचं नाव सुमती. माझं मुक्ता.

आत्ता ह्यांच्यासमोर बसून एकेक नाव म्हणून बघितलं. 'अनंत मुक्ता जयंत'. 'विक्रांत मुक्ता जयंत'. सासूबाई आतून म्हणाल्या, "मुक्ता मध्ये आली की नुसतं यमक राहत नाही, ओवी होते." मला भरून आलं.

दर्यावर्दी
विक्रांतचं नाव निघालं म्हणून. माझे यजमान नौदलात होते. पहिली विक्रांत ही विमानवाहू युद्धनौका १९६१ साली ताफ्यात आली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात तिने काम केलं आणि १९९७ ला निवृत्त झाली. नवी, आपल्याच देशात बांधलेली विक्रांत २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत दाखल झाली. त्या नावाच्या माणसाला दर वेळी कुणीतरी 'बोटीचं नाव का?' विचारतं आणि तो अभिमानाने हो म्हणतो. आमच्या वसाहतीत दोन विक्रांत होते, दोघांनाही ते आवडायचं.

पाठशाळा
दोन गोष्टी शास्त्रातल्या सांगतो, घ्यायच्या की नाही ते तुम्ही ठरवा.

पारस्कर गृह्यसूत्रात (घरच्या संस्कारांचा जुना संस्कृत ग्रंथ) मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी असावं, सुरुवात घोष वर्णाने (ग, ज, द, ब यांसारख्या) व्हावी, मध्ये य-र-ल-व पैकी वर्ण असावा आणि नाव कृदंत, म्हणजे धातूला प्रत्यय लागून झालेलं असावं, तद्धित, म्हणजे नामाला प्रत्यय लागून झालेलं नसावं, असं सांगितलं आहे. या मापाने वंत असलेली सगळीच नावं बाद होतील, कारण वंत हा तद्धित प्रत्यय. पण महाराष्ट्राने बळवंत, यशवंत, भगवंत ही नावं पिढ्यान्‌पिढ्या आनंदाने ठेवली. रूढी इथे सूत्राहून बळकट ठरली आणि कुणाचं काही बिघडलं नाही. तेव्हा अक्षरं मोजत बसू नका.

दुसरी गोष्ट मात्र तुमच्या उपयोगाची आहे. बारशाला विधिपूर्वक नाव ठेवतात तेव्हा एकच नाव नसतं. कुलदेवतेवरून एक, जन्ममासावरून एक, नक्षत्रावरून एक आणि व्यवहाराचं एक. मासनामांचा क्रम ठरलेला आहे. मार्गशीर्षाचं कृष्ण, पुढे माघाचं अच्युत, फाल्गुनाचं चक्री, चैत्राचं वैकुंठ. आणि पौषाचं मासनाम आहे अनंत. म्हणजे तुमच्या बाळाचं एक नाव अनंत आहेच, तुम्ही ठेवा वा न ठेवा. गुरुजींना मासनाम उच्चारायला सांगा. जयंतरावांची इच्छा तिथे पूर्ण होईल आणि रोजच्या हाकेला सासूबाईंच्या मनाजोगं नाव ठेवता येईल.

आणि पौषात शुभकार्य नको म्हणून कुणी बारसं पुढे ढकलायला सांगितलं तर ऐकू नका. बाराव्या दिवसाचा संस्कार जन्माला धरून असतो, तो महिना बघत नाही.

गोकर्णी
हे वाचून ह्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. "म्हणजे मी सुचवण्याआधीच ठरलेलं होतं," म्हणाले आणि उठून बाळाकडे गेले.

आता उरलं व्यवहाराचं नाव. 'रे' अक्षर, 'ंत' शेवट, अंत नको. असं काही आहे का?

शाळामास्तर
आहे. रेवंत.

मघाशी यादी देताना मी ते राखून ठेवलं नव्हतं, आत्ता 'रे' वाचल्यावर आठवलं. रेवंत हा सूर्याचा मुलगा. सूर्याची पत्नी संज्ञा, तिने घोडीचं रूप घेतलं, सूर्य घोड्याच्या रूपात तिच्याकडे गेला, आणि त्यांना अश्विनीकुमार झाले, त्यांच्या पाठीवर रेवंत. मार्कंडेय पुराणात तो जन्मतःच घोड्यावर स्वार, हाती धनुष्य-खड्ग आणि अंगात कवच असा येतो. रानावनात, वाटेत, चोराचिलटांच्या भयात रक्षण करणारा देव म्हणून त्याची पूजा होई. जुन्या शिल्पांत तो घोड्यावर बसून शिकारीला निघालेला दिसतो, मागे सेवक छत्र धरून.

आणि शब्द म्हणाल तर तो आपल्या पहिल्या वाटेचा. वेदात रेवत् म्हणजे धनवान, संपन्न. रयि म्हणजे धन, त्याला वत् लागून झालेलं हे रूप. रेवती हे त्याचंच स्त्रीरूप. रेवती नाव आपल्याकडे इतकं घरचं आहे आणि तिचा जोडीदार रेवंत मात्र आपण विसरलो. बळवंत ज्या साच्यातला, त्याच साच्यातला रेवंत. पणजोबा आणि पणतू एका वाटेचे, आजोबा आणि बाबा दुसऱ्या. यात कुठेही शेवट नाही.

जुईची_आई
रेवंताऽऽ. गॅलरीतून हाक मारून बघितली, शेजारच्या काकू बाहेर आल्या. नाव पास!

मिरजमळा
चांगलं आहे. एक सांगतो, सांगली भागात लोक त्याचं रेवण करतील. विट्याजवळ रेणावीला रेवणसिद्धाचं मोठं देवस्थान आहे, त्यामुळे आमच्याकडे रेवण, रेवणसिद्ध, रेवाप्पा ही नावं भरपूर. ऐकणारा सहज त्या बाजूला जातो. त्यात वाईट काही नाही, पण दाखल्यावर 'त' आहे की नाही ते नीट बघून घ्या.

पैलतीर
माझ्या ऑफिसात एक तेलुगू सहकारी आहे रेवंत नावाचा. तिकडे हे नाव चांगलं प्रचलित आहे, ते शेवटी 'टी-एच' लिहितात. इथल्या लोकांना म्हणायला काहीच त्रास होत नाही.

रानवारा
'रेवंत मुक्ता जयंत'. मी तीनदा मोठ्याने म्हटलं. छान चालतं.

गोकर्णी
मंडळी, ठरलं! रेवंत.

सूर्याचा मुलगा म्हटल्याबरोबर सासूबाईंनी मान डोलावली. पौषातल्या आदित्यवारी त्या सूर्याची पूजा करतात, या रविवारी रांगोळीने सूर्याचा रथ काढला, त्याला सात घोडे काढले, आणि बाजूला एक छोटा घोडा जास्तीचा काढला. विचारलं तर म्हणाल्या, "हा आपला." तो घोडा थोडा बोकडासारखा दिसत होता, पण मी त्याचा फोटो काढून ठेवलाय.

बारशाला गुरुजींनी मासनाम अनंत घेतलं, नंतर पाळण्यात आत्याने कानात रेवंत सांगितलं. पाळणा म्हणताना सासूबाईंनी पणजींचंही नाव गुंफलं, द्वारकेचा पणतू म्हणून. रानवारा, ते तुमच्यामुळे.

आता दाखल्याचं कसं करायचं? रुग्णालयाने नाव न घालताच नोंद पाठवली आहे.

नागनदी
काळजी नको. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात कलम १४ याचसाठी आहे. नावाशिवाय नोंद झाली तरी ती पूर्ण वैध असते. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव घालायला शुल्क लागत नाही, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. पण तुम्ही लगेच करा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, मतदारयादी, वाहन परवाना या सगळ्याला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरतात. नोंद जिथे झाली त्या निबंधकाकडे आईवडिलांनी अर्ज द्यायचा असतो.

अर्जावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं स्वतःच्या हाताने, सुटी सुटी अक्षरं लिहा. खिडकीवर तोंडी सांगू नका. छापायच्या आधी पडद्यावर दाखवा म्हणा. 'रेवंत'चा 'रेवत' व्हायला एक अनुस्वार पुरतो, आणि पुढे तो दुरुस्त करायला प्रतिज्ञापत्रापासून सगळं करावं लागतं. तुमचंही नाव आधारवर जसं आहे तसंच द्या, मुक्ता असेल तर मुक्ताच.

गोकर्णी
आजच ह्यांना पाठवते. इंग्रजीत शेवटी 'टी' ठेवतोय, जयंतला आहे तसाच. अनुस्वार ते स्वतः बघून येतील.